कॅनॉलवरचा एक दिवस, ताशी तीन मैल

रानजाई
शनिवार, रात्री ९:१०

मेच्या शेवटी आईबाबा बारामतीहून आमच्याकडे आले होते. लंडन दाखवून झालं. राजवाडा, घड्याळ, पूल. तिसऱ्या दिवशी बाबा सोफ्यावर बसून "आता काय?" असं विचारायला लागले. बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेत, सगळी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर. या माणसाला राजवाडे दाखवून उपयोग नाही हे मला आधीच सुचायला हवं होतं. शेवटी नवरा म्हणाला, "आपण त्यांना कॅनॉलवर नेऊ." बाबांनी पेपर खाली ठेवला.

तर केनेट अँड एव्हन कालवा, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन गाव. एका दिवसासाठी नॅरोबोट भाड्याने घेतली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: एसटीपेक्षा लांब आणि एसटीपेक्षा अरुंद असा लोखंडी डबा. रुंदी सहा फूट दहा इंच, कारण अठराव्या शतकात मध्य इंग्लंडात जी लॉकं (बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे, दोन्हीकडे दारं असलेले हौद) बांधली ती सात फुटी होती. त्या मापात आजही बोटी बनतात. लांबी सत्तर फुटांपर्यंत असते, आमची चाळीसची होती. आत टेबल, गॅस, किटली, आणि एक संडास, ज्याबद्दल आईने "मी जाणार नाही" एवढंच सांगितलं. (गेली.)

परवाना लागत नाही. एका मुलाने अर्धा तास शिकवलं आणि चाळीस फुटांची बोट आमच्या हवाली करून तो निघून गेला. बाबा म्हणाले, "आपल्याकडे मोटारसायकलला याहून जास्त चौकशी करतात."

गंमत पहिल्याच मिनिटाला कळते. बोटीला चाक नाही, मागे सुकाणूचा दांडा आहे. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे डोक्याला लगेच समजतं, हाताला तासाभराने. शिवाय ती वळते मधोमध. तुम्ही मागे उभे, समोर चाळीस फूट पत्रा. पुढचं टोक उजवीकडे गेलं की तुम्ही उभे आहात तो भाग डावीकडे फेकला जातो. ब्रेक नाही. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची. मी पहिली शंभर मीटर एका विलोच्या झाडात घालवली. आईच्या केसांत पानं आणि काठावर तीन बघे. अशा कॅनॉलवरच्या बघ्यांसाठी इंग्रजीत खास शब्द आहे, गाँगूझलर. भाषेने एवढी सोय केलीय म्हणजे बघ्यांची संख्या बघा.

लगेच पुढे ब्रॅडफर्डचं लॉक, साधारण बारा फूट खोल. हे लॉक रुंद आहे, दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. आमच्या शेजारी एक सत्तरीच्या बाई आल्या, एकट्या, छपरावर मांजर. मांजर आम्हा चौघांपेक्षा निवांत होतं. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि काय ते ओळखलं. नवऱ्याला म्हणाल्या, दोरी घट्ट बांधू नकोस, नुसती खुंट्याला वेढा देऊन धर. पाणी खाली जाताना दोरी बांधलेली असेल तर बोट भिंतीला टांगली जाते. आणि मागच्या दाराजवळ पाण्याखाली दगडी उंबरठा असतो, त्याची पांढरी खूण भिंतीवर आहे, बोटीचं मागचं टोक त्या खुणेच्या पुढे ठेव. मागचा भाग उंबरठ्यावर अडकला आणि पुढचा खाली गेला तर बोट बुडते. हे सगळं त्यांनी "साखर दोन चमचे" अशा आवाजात सांगितलं.

बाबा मात्र दारांकडे बघत होते. लॉकची दारं सरळ रेषेत मिटत नाहीत. नमस्कार करताना हात जुळतात तशी मधोमध टोकाला भेटतात, टोक चढाकडे. पाण्याचा दाब जेवढा जास्त तेवढी ती घट्ट. दोन्ही बाजूंचं पाणी समान झाल्याशिवाय दहा माणसं लागली तरी उघडणार नाहीत, आणि समान झालं की आई एकटी तुळईला पाठ लावून उघडू शकते. आईने उघडलं. खालच्या छोट्या झडपा विंडलास नावाच्या हँडलने वर करायच्या. जुन्या ट्रॅक्टरला पुढून मारायचे ना, तसं हँडल.

बाबांनी खिशातून पेन काढलं. लांबी अंदाजे ७५, रुंदी १४, उतार १२. म्हणजे १२,६०० घनफूट. साडेतीन लाख लिटरच्या वर. "शंभर क्युसेकने आमचा कालवा चालला तर दोन मिनिटांचं पाणी," म्हणाले. मग थोडं थांबून, "पण गं, हे वाया गेलं नाही. खालच्या टप्प्यात गेलं. आमच्याकडे दोन मिनिटांच्या पाण्यावरून डोकी फुटलीत."

लॉक संपलं की बाथ शहरापर्यंत नऊ मैल एकही लॉक नाही. आम्हाला डंडासच्या जलसेतूपर्यंत (नदीवरून कालवा नेणारा पूल) जाऊन परत यायचं होतं. एका बाजूला जेमतेम पाच मैल. सगळा दिवस त्यात गेला. वेगमर्यादा ताशी चार मैल आहे, पण बांधलेल्या बोटीजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं, नाहीतर त्यांच्या दोऱ्या ताणल्या जातात, खुंट्या उपटतात आणि आतून ओरडा येतो. आणि या पट्ट्यात बोटी बांधलेल्या आहेत एकीला लागून एक. त्यामुळे आमचा खरा वेग तीन मैलसुद्धा नाही. एका म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरने आम्हाला मागे टाकलं. पुढे तो एका झाडाशी थांबला तेव्हा आम्ही त्याला गाठलं. आई त्याला नंतर "आपला गडी" म्हणत होती.

अकराच्या सुमारास दांडा बाबांच्या हातात गेला आणि मग संध्याकाळपर्यंत कुणाला मिळाला नाही. पायाखाली इंजिनचा डुगडुग आवाज, हातात चहा. बोलेनात. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "पाणी उभं आहे. जन्मभर वाहतं ठेवायची नोकरी केली. हे कुठं जायचंच नसलेलं पाणी आहे."

त्याआधी एव्हनक्लिफला जलसेतू लागतो. खाली एव्हन नदी, तिच्या शेजारी रेल्वे आणि वरून आपण बोटीत. बोट बांधून खाली उतरलो. त्या सेतूची मधली कमान खचलीय, नुसत्या डोळ्यांना दिसते. बांधल्यावर थोड्याच काळात बसली आणि दोनशे वर्षं तशीच आहे. बाबांनी तिचा फोटो काढला. राजवाड्याचा काढला नव्हता.

जेवण बोटीत: घरून नेलेली थालीपिठं, दही, शेंगदाण्याची चटणी. पुढे डंडासचा जलसेतू, १३७ मीटर लांब, बाथच्या पिवळसर दगडाचा, कठडे देवळासारखे कोरीव. दोन्ही टोकांना काटकोनी वळणं, पलीकडून कोण येतंय दिसत नाही, भोंगा वाजवायचा. बाबांनी दोन्ही वळणं न घासता घेतली. नवरा नाराज झाला, कारण त्याने एव्हनक्लिफला कोपरा सोलला होता.

परतीच्या वाटेवर इंजिन गुरगुरायला लागलं आणि बोट चालेना. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्यात काहीतरी अडकलं. मागे एक झाकण असतं, ते उघडून थेट पाण्यात हात घालायचा. आधी इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. नवरा पोटावर आडवा, खांद्यापर्यंत हात गार पाण्यात, आणि वीस मिनिटांत बाहेर काय आलं? निळी प्लास्टिकची पिशवी, निम्मा स्वेटर आणि तारेचा तुकडा. झाकण पुन्हा घट्ट बसवणं महत्त्वाचं, ते सैल राहिलं तर पंखा पाणी आत फेकतो. बाबांनी दोनदा तपासलं.

साडेपाचला परत. अंग दुखत होतं. याला आरामाची सहल कोण म्हणतं मला माहीत नाही, पण आई गाडीत बसल्या बसल्या झोपली.

कुणी केलंय का हे? पुढच्या वेळी आठवडाभरासाठी घ्यायचा विचार आहे.


तिरकस
शनिवार, रात्री १०:४२

छान लिहिलंय. पण मला एक कळत नाही. काठाने चालायची वाट फुकट आहे. चालणारा माणूस बोटीच्या पुढे जातो. कुत्रासुद्धा जातो. मग पैसे नक्की कशाचे?


रानजाई
शनिवार, रात्री १०:५०

किटलीचे. काठावर चालताना चहा करता येत नाही.


दर्यावर्दी
रविवार, सकाळी ७:१५

दाभोळच्या खाडीत लहानपण गेलं, त्यामुळे दांडा उलटा का जातो हे वाचून हसू आलं. आमच्याकडे पोराला सायकलच्या आधी ते कळायचं. पण एक मान्य. खाडीत भरती-ओहोटी, वारा, रेती सगळं तुमच्याशी भांडतं. इथे भांडायला फक्त झाड.

मागे मीही एक दिवस केलंय, लँगोलेन कालव्यावर, वेल्समध्ये. तिथला पाँटकिसिल्टे जलसेतू म्हणजे लोखंडी पन्हाळ, ३०७ मीटर लांब, ३८ मीटर उंच. १८०५ मध्ये पुरा झाला. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला काही नाही! पन्हाळीची कड पाण्याच्या वर वीतभर, त्यापलीकडे हवा. तांडेलाचा नातू म्हणवतो स्वतःला, पण मी दांडा बायकोच्या हातात देऊन आत जाऊन बसलो.

पोरं घेऊन जाणाऱ्यांना: कॅनॉल बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच असतो. पडलात तर पोहायच्या आधी उभे राहून बघा.


अवनी रेडिंगकर
रविवार, सकाळी ९:३०

दर्यावर्दी, ते खरं, पण लॉकमध्ये नाही आणि फिरत्या पंख्याजवळ तर नाहीच. पोरांना जॅकेट घालाच. आणि लॉकच्या दारांवरून पळू देऊ नका, ओली शेवाळलेली असतात.

बांधलेल्या बोटींबद्दल थोडं. रानजाई, तू ज्या रांगेतून गेलीस त्यातल्या बऱ्याच बोटी ही लोकांची घरं आहेत. माझी एक सहकारी तशी राहते. कायमची जागा विकत किंवा भाड्याने घ्यायची नसेल तर नियम असा की एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, पुढे सरकत राहायचं. म्हणजे दर पंधरवड्याला घर हलवायचं. पोराची शाळा तिथेच, नोकरी तिथेच, घर मात्र सरकतंय. ती सोमवारी ऑफिसात आली की पहिला प्रश्न, "आज कुठून आलीस?" हिवाळ्यात पाण्याची टाकी भरायला, संडासाची कॅसेट (काढता येणारी टाकी) रिकामी करायला बोट घेऊन मैलभर जायचं. फोटोत दिसतं तेवढं गोड नाही. बाथच्या आसपास घरांच्या किमती अशा आहेत की अनेकांना हाच पर्याय उरतो. म्हणून जाताना वेग खरंच कमी करा. आत कुणीतरी वरण उकळत ठेवलेलं असतं. (तिचं सूप असतं, पण मुद्दा तोच.)


मुक्काम पोस्ट बर्मिंगहॅम
रविवार, सकाळी ११:०५

आमच्या गावाचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून येतोय. इथला प्रत्येक माणूस पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो की बर्मिंगहॅममध्ये व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत. मैलांत असतील. पाहुणा व्हेनिसला जाऊन आलेला असला की विषय बदलायचा.

हे सगळं सहलीसाठी कुणी खणलं नाही, कोळशासाठी खणलं. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा खाणीपासून मँचेस्टरकडे कोळसा न्यायला लागला आणि शहरात कोळसा एकदम स्वस्त झाला. त्यानंतर सगळ्यांनाच कालवा हवा झाला. हिशोब सोपा आहे. तोच घोडा रस्त्यावर गाडीला जुंपला तर दोनेक टन ओढतो, काठावरून दोरीने बोट ओढली तर २५-३० टन. तिरकसराव, तुम्हाला फुकट मिळणारी काठाची वाट ही त्या घोड्याची वाट आहे. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर बोटांनी चाचपून बघा, ओल्या दोऱ्या घासून दगडात खोल चर पडलेत. आडावरच्या दगडावर पडतात तसेच.

रानजाई वळली त्या डंडासलाही सॉमरसेटचा कोळशाचा कालवा येऊन मिळायचा. केनेट अँड एव्हन १८१० मध्ये पूर्ण झाला, रेल्वे आली आणि १८५२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेनेच तो विकत घेतला. प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेल्यावर कालव्याचं काय होणार? विसाव्या शतकाच्या मध्याला बरेच टप्पे कोरडे, लॉकांत झाडं. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं चिखल उपसला आणि १९९० मध्ये राणीच्या हस्ते पुन्हा सुरू झाला.


पाटकरी
रविवार, दुपारी २:२०

रानजाई, बाबांना नमस्कार सांगा. मीही त्याच खात्यात, विदर्भात. त्यांना माझ्यातर्फे दोन प्रश्न. एक, एवढ्या जुन्या कालव्याला पाझर किती? अस्तर कशाचं? दोन, प्रत्येक लॉकला साडेतीन लाख लिटर खाली जातंय तर वरच्या टप्प्याला पाणी कुठून देतात? धरण दिसत नाही तुमच्या वर्णनात.


रानजाई
रविवार, संध्याकाळी ६:४५

पाटकरी, तुमचा प्रतिसाद बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवला. त्यांनी तिकडून सांगितलं, मी टाइप करतेय, त्यांच्याच शब्दांत.

"पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मूळ अस्तर मातीचं. चिकणमाती पाणी घालून तुडवायची, थरावर थर. इंग्लंडात त्याला पडल म्हणतात. आपल्या मातीच्या धरणाच्या पोटात काळी माती घालतो तोच प्रकार. पण आम्ही गेलो तो ब्रॅडफर्ड ते बाथ टप्पा डोंगराच्या कुशीत, जमीन सरकणारी. तिथं मातीचं अस्तर टिकेना, कालवा फुटायचा. दुरुस्तीत तळाला काँक्रीट घातलंय. मी त्या मांजरवाल्या बाईंना विचारलं, अस्तरीकरणाला शेतकऱ्यांनी विरोध नाही केला? त्यांना प्रश्नच कळला नाही. पोरीने समजावलं, की आमच्याकडे कालव्याच्या पाझरावर विहिरी चालतात, म्हणून काँक्रीट आलं की लोक मोर्चा काढतात. त्या म्हणाल्या, आमच्याकडे पाझर फुटला की कुणाच्या तरी तळघरात पाणी जातं आणि मग तो मोर्चा काढतो.

दुसरा प्रश्न बरोबर आहे, तोच महत्त्वाचा. सर्वांत उंच टप्प्याला क्रॉफ्टनला पंप आहेत, तिथलं एक वाफेचं इंजिन १८१२ सालचं आणि अजून चालतं. डिव्हायझेसला २९ लॉकांचा उतार आहे, तिथं १९९६ पासून खालचं पाणी पंपाने परत वर नेतात, दिवसाला ३ कोटी २० लाख लिटर. दर अकरा मिनिटांना एक लॉकभर. आणि सगळ्यात भारी क्लेव्हर्टनला, डंडासच्या पुढे दीड मैल. नदीच्याच पाण्यावर मोठी पाणचक्की फिरते आणि ती चक्की नदीचंच पाणी जवळपास ४८ फूट वर कालव्यात ढकलते. कोळसा नाही, वीज नाही. १८१३ सालचं. ते आम्हाला बघता आलं नाही, कारण जावईबापूंनी झाडात वेळ घालवला."

झाडात वेळ मी घालवला होता. दुरुस्ती नोंदवावी.


तिरकस
रविवार, रात्री ८:१०

पुण्याच्या मुठा उजव्या कालव्यावर हे सुरू करायला हरकत नाही. खडकवासल्याहून बसायचं, हडपसरला उतरायचं. ट्रॅफिकपेक्षा लवकर पोचू.


पाटकरी
रविवार, रात्री ८:३१

तिरकस, आवर्तन सुरू असताना बसलात तर हडपसरला उतरता येणार नाही, थेट पुढे जाल. आवर्तन बंद असताना बसलात तर ढकलायला लागेल. वाहत्या कालव्याला उतार असतो, बोटीच्या कालव्याला पायऱ्या असतात. बाबा म्हणाले तेच, एक वाहायला बांधलेला, दुसरा उभा राहायला.


मुक्काम पोस्ट बर्मिंगहॅम
रविवार, रात्री ९:००

रानजाई, एक प्रामाणिक प्रश्न. विंडलास पाण्यात पडलं की नाही? पहिल्या दिवशी प्रत्येकाचं पडतं. तुमच्या वर्णनात ते सोयीस्करपणे गायब आहे.


रानजाई
रविवार, रात्री ९:२६

पडलं.

परतताना, ब्रॅडफर्डच्याच लॉकमध्ये. झडप अर्धी वर, खिट्टी न लावता मी हँडल सोडलं. ते गर्रकन फिरलं, सुटलं आणि टप्पकन पाण्यात. नशीब हात मध्ये नव्हता, असाच हात मोडतो म्हणे. अनामत रकमेतून किती कापतील याचा मी विचार करतेय तोवर मांजरवाल्या बाई काठावर हजर. त्या संध्याकाळी तिथेच वर मुक्कामाला येत होत्या. त्यांच्याकडे दोरीला बांधलेला मोठा लोहचुंबक होता. नेहमीचीच गोष्ट असावी, कारण न बोलता त्यांनी तो भिंतीलगत सोडला आणि विहिरीतून बादली शोधतात तसा फिरवायला लागल्या. तिसऱ्या खेपेला टण् झालं. वर आलं एक विंडलास, गंजून लाल, शेवाळ लोंबतंय.

आमचं नव्हतं. आमचं अ‍ॅल्युमिनियमचं होतं, ते चुंबकाला कशाला चिकटेल? हे बाबांनी सांगितलं, पण चुंबक तिसऱ्यांदा टाकल्यानंतर.

अनामतीतून पैसे कापले गेले. ते गंजकं लोखंडी बाईंनी बाबांना देऊन टाकलं. बाबांनी तीन दिवस आमच्या अंगणात बसून ते तारेच्या ब्रशने घासलं आणि आईच्या साड्यांमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेत घातलं. मुंबई विमानतळावर बॅग उघडायला लावली. हे काय आहे? बाबा म्हणाले, "कॅनॉलचं दार उघडायचं हँडल." मग ते निवृत्त कालवा निरीक्षक आहेत हे कळल्यावर त्या माणसाने आपलं गाव इंदापूर असल्याचं सांगितलं आणि आमच्या चारीला पाणी कधी येणार ते विचारलं.